सूक्ष्मजीवशास्त्र विभागातील सातवा बिंदू

माझी भाची सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करीत होती तेव्हाची गोष्ट. शिष्यवृत्तीचे काही कागद देण्यासाठी तिच्या विद्यापीठात गेलो होतो. काम दहा मिनिटांचे, पण संबंधित बाबू जागेवर नव्हते. (ते कधी असतात?) ते येईपर्यंत मी तिच्या प्रयोगशाळेच्या दाराशी बाकावर बसलो. मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच सुटला. पण पोरीला मामाला काहीतरी दाखवायची हौस होती. ती परीक्षानळ्यांचा एक स्टँडच बाहेर घेऊन आली.

"मामा, ही नळाच्या पाण्याची, आणि ही एका गावच्या विहिरीची. रंग बघा."

नळाच्या पाण्याच्या नळ्या जांभळ्या होत्या. विहिरीच्या पाण्याच्या पिवळ्या पडल्या होत्या आणि आत उलट्या ठेवलेल्या इवल्याशा नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता. तिने समजावून सांगितले ते असे. ब्रॉथमध्ये दुधातली साखर असते. पाण्याचा नमुना त्यात टाकून ३७ अंशांवर ४८ तास ठेवायचा. आतड्यात राहणारे जंतू पाण्यात असतील तर ते ती साखर फस्त करतात, आम्ल होते, रंग बदलतो आणि वायू सुटतो. मग त्यातला थेंब दुसऱ्या एका प्लेटवर ओढायचा. ई. कोलाय असेल तर तिथे हिरवट धातूसारखी चमक असलेले ठिपके उगवतात. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात हा जंतू एकही सापडता कामा नये, असे भारतीय मानक सांगते. तो सापडला याचा अर्थ पाण्यात विष्ठा गेली आहे, मग ती माणसाची असो की गुरांची. ती विहीर गोठ्याला लागून होती.

मी विचारले, "हे चवदार तळ्याच्या पाण्याचे केले असते तर?"

ती हसली नाही. म्हणाली, "मामा, आम्हाला हे उदाहरण कोणी दिलेच नाही."

त्या एका वाक्याने मला हा लेख लिहायला लावले आहे. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे बाटले म्हणून महाडच्या सवर्णांनी १०८ घागरी पाण्यात शेण, गोमूत्र, दूध आणि दही कालवले आणि मंत्रघोषात ते तळ्यात ओतले. हे झाले शुद्धीकरण! ज्या शास्त्राची पदवी आज महाराष्ट्रातील पोरेपोरी घेतात, त्या शास्त्राच्या अगदी प्राथमिक चाचणीत हे 'शुद्ध' पाणी नापास ठरेल. दूधही त्यात घातलेले, म्हणजे जंतूंच्या जेवणाचीही सोय. हात सगळ्यांचेच जंतू वाहतात, ब्राह्मणाचे वाहतात आणि महाराचेही वाहतात. साबणाने हात धुतले की दोघांचेही कमी होतात. सूक्ष्मदर्शकाखाली विटाळ नावाची वस्तू आजवर कोणाला दिसलेली नाही. तळ्याचा दावा मात्र डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झाला आणि मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी सवर्णांची पुरातन वहिवाट नाकारून तो निकाली काढला. पाणी पिण्याचा हक्क कागदावर यायला दहा वर्षे गेली.

आता कोणी म्हणेल, विज्ञानाच्या तासाला महाड कशाला? मी म्हणतो, तिथेच हवे. पाण्याची तपासणी शिकवताना कुठले तरी उदाहरण द्यावेच लागते. ते कोणाच्या आयुष्यातले द्यायचे, हे फळ्यापुढे उभा असलेला माणूस ठरवतो.

भाचीच्या वहीतले दुसरे पान मला अधिक बोचले. गंधकाचे चक्र असा धडा होता. गटाराच्या तळाशी गाळात हवा नसते. तिथे राहणारे काही जंतू श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. हा वायू वर येतो, पाइपच्या छताला लागतो. तिथे दुसरे जंतू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात आणि सिमेंटचा पाइप आतून कुरतडला जातो. वहीत सुबक आकृती होती, बाण होते, जंतूंची लांबलचक नावे होती. पाइपचे किती नुकसान होते हे सविस्तर लिहिले होते. त्या पाइपात उतरणाऱ्या माणसाचे काय होते, यावर एक ओळ नव्हती.

ते मी सांगतो. कार्यकर्ता म्हणून अशा मरणांचे पंचनामे मी वाचले आहेत. हा वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि माणसाला वाटते गॅस गेला. तो आणखी खाली उतरतो. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, तिघे गुदमरून मृत. त्यांची जात बातमीत नसते, पण आपल्याला ती विचारावी लागत नाही. हाताने मैला उचलायला लावण्यास आणि माणसाला विनासाधन गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूमागे १० लाख रुपये द्या म्हटले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. माणसे उतरतच आहेत. जो जंतू त्यांना मारतो तो विद्यापीठात शिकवला जातो, त्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो, आणि शिकवणाऱ्याला मॅनहोलच्या तोंडाशी उभे राहिल्याचा अनुभव नसतो. त्यात त्या शिक्षकांचा वैयक्तिक दोष मी काढत नाही. ते आपल्या परीने चांगलेच शिकवतात. ज्याच्या आळीतला कोणी मेला नाही त्याला पाइप आठवतो, इतकेच.

मग आळीतला माणूस त्या विभागात शिक्षक का नाही? इथे माझा धंदा सुरू होतो.

सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग लहान असतो. एक प्राध्यापक, दोन सहयोगी प्राध्यापक, चार सहायक प्राध्यापक, असा विद्यापीठांतला नेहमीचा साचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत संपूर्ण संस्था एक घटक धरून २०० बिंदूंची बिंदुनामावली होती. त्यात अनुसूचित जातींना ३०, जमातींना १५ आणि ओबीसींना ५४ जागा येत. अलाहाबाद हायकोर्टाने बनारस हिंदू विद्यापीठाच्या प्रकरणात एप्रिल २०१७ मध्ये सांगितले की विभाग हाच घटक धरा. आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी तसे पत्र काढले आणि १३ बिंदूंचे रोस्टर आले. त्यात चौथा बिंदू ओबीसीचा, सातवा अनुसूचित जातीचा, आणि जमातीचा चौदावा, म्हणजे तेरांच्या बाहेरच! चार सहायक प्राध्यापकांच्या संवर्गात सातवा बिंदू कधी येणार? आधी चार जागा भरायच्या, मग त्यांतले तिघे एकामागून एक निवृत्त व्हायचे, तेव्हा. एक माणूस पंचवीस-तीस वर्षे नोकरी करतो. हिशेब ज्याचा त्याने करावा. प्राध्यापकाचे तर एकच पद. एकाकी पदाला आरक्षण नाही, हे सुप्रीम कोर्टाने चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेच्या प्रकरणात १९९८ मध्येच ठरवून टाकले आहे. मराठी किंवा इतिहासाच्या मोठ्या विभागात निदान सातवा बिंदू दिसतो तरी. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांसारख्या विभागांत तो क्षितिजासारखा, आपण चालू तसा मागे सरकतो.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की विषयवार आरक्षणाची कल्पना आपल्याच नागपूरहून आली. नागपूर विद्यापीठाच्या जाहिरातीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९० मध्ये म्हटले की कोणत्या विषयातली जागा राखीव आहे ते जाहिरातीतच सांगा, नुसती टक्केवारी छापू नका. यात गैर काही नव्हते. उमेदवाराला ते कळायलाच हवे. पण जाहिरात विषयवार करणे वेगळे आणि मोजणीच विभागापुरती करणे वेगळे. पहिल्यातून दुसरे कसे निघाले, हे वकील म्हणून मला आजही पटलेले नाही.

२२ जानेवारी २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने केंद्राची याचिका फेटाळली. ५ मार्चला भारत बंद झाला, ७ मार्चला वटहुकूम आला आणि जुलै २०१९ मध्ये केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील शिक्षक संवर्गाच्या आरक्षणाचा कायदा झाला. संस्था पुन्हा एक घटक झाली. रस्त्यावरच्या लढ्याने मिळवलेला हा कायदा आहे, हे तरुणांनी विसरू नये. पण त्याच कायद्याने होमी भाभा राष्ट्रीय संस्था, टाटा मूलभूत संशोधन संस्था अशा काही संस्थांना परिशिष्टात नाव घालून वगळले. आणि संस्था घटक झाली तरी राखीव जागा कोणत्या विषयाच्या वाट्याला घालायच्या ते संस्थाच ठरवते. सगळ्या राखीव जागा सामाजिक शास्त्रांत टाकल्या आणि प्रयोगशाळा मोकळ्या ठेवल्या, तर बेरीज बरोबर येईल. जागा राखीव राहिली तरी मुलाखतीनंतर 'योग्य उमेदवार मिळाला नाही' हा शेरा आहेच. जानेवारी २०२४ मध्ये आयोगाच्या एका मसुद्यात राखीव पदे खुली करण्याची वाट दिसली आणि ओरड झाल्यावर शिक्षण मंत्रालयाला खुलासा करावा लागला.

दोष आपलाही आहे. पाली, मराठी, राज्यशास्त्राच्या जागांसाठी आपण मोर्चे काढले, निवेदने दिली. सूक्ष्मजीवशास्त्राच्या जागेसाठी कुलगुरूंच्या दालनासमोर बसलेला कार्यकर्ता मी पाहिलेला नाही. मी स्वतःही बसलो नव्हतो. आपल्या घरांत वकील, शिक्षक, बँकेतला कारकून ही स्वप्ने रुजली. प्रयोगशाळेत पांढरा कोट घातलेली पोर ही अजून परकी वाटते. भाचीने विभागात एकदा विचारले की आपल्याकडे राखीव जागेवर कोण आहे. उत्तर मिळाले, "विज्ञानाला जात नसते." विज्ञानाला नसते, खरे आहे. नियुक्तीपत्राला असते.

भाची पुढे नेट झाली. नेटला सूक्ष्मजीवशास्त्र असा वेगळा विषय नाही, जीवशास्त्रे या एकाच मोठ्या गाठोड्यात वनस्पतीपासून प्राण्यापर्यंत सगळे करावे लागते. तेही केले. आज ती एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. तास घेतला तर पैसे, सुटी लागली की शून्य, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. यंदा गंधकाचे चक्र शिकवताना तिने फळ्यावर पाइपच्या आधी मॅनहोल काढले आणि आत एक माणूस काढला. वर्ग गप्प झाला, असे ती सांगते. तास संपल्यावर एक मुलगा थांबला आणि त्याने विचारले, "मॅडम, त्या गॅसचा वास किती वेळाने जातो?" त्याचे वडील नगरपालिकेत आहेत.

वाचकांपैकी ज्यांची मुले विज्ञान विभागांत शिकतात त्यांनी एक कागद करावा. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. विभागवार आणि संवर्गवार मंजूर पदे किती, भरलेली किती, बिंदुनामावली नोंदवहीची प्रत, मागासवर्ग कक्षाने ती शेवटची कधी तपासली, कोणता बिंदू किती वर्षांपासून रिक्त आहे, आणि 'योग्य उमेदवार नाही' असा शेरा कोणत्या मुलाखतींत पडला. राज्याच्या विद्यापीठांत अनुसूचित जातींचा वाटा १३ टक्के आहे, तो कोणत्या विषयांत दिसतो आणि कोणत्या विषयांत दिसत नाही, हे त्या नोंदवहीत उघडे पडते. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते, न दिल्यास अपील करता येते. मसुदा लागल्यास माझ्याकडे आहे. भाचीच्या जुन्या विभागाचा अर्ज मी मागच्या सोमवारी टपालात टाकला.