जुन्या दूरचित्रवाणी संचातील चित्रदोषांचे निदान : चंद्रपूर-गडचिरोली परिसराच्या संदर्भात

दि. १५ ऑगस्ट १९८२ रोजी भारतात रंगीत राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झाले. त्यानंतर अकराच दिवसांनी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. हा केवळ योगायोग होय. तथापि त्या काळाने रूढ केलेले चित्रनलिकेचे संच या वनव्याप्त भागात अजूनही अधूनमधून दृष्टीस पडतात. नवी चित्रनलिका आता बाजारात सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे 'ट्यूब गेली' हा दुरुस्तीकाराचा निर्णय संचाच्या बाबतीत अखेरचाच ठरतो. हा निर्णय देण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे कसे ओळखावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रथम दोष संचाबाहेरचा की आतला, हे ठरवावे लागते. दूरदर्शनचे बहुतेक भूस्थित अॅनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद झाले. पूर्वी क्षीण संकेतामुळे पडद्यावर 'मुंग्या' दिसत. आता छत्री व सेट टॉप बॉक्समार्फत येणारा संकेत डिजिटल असतो. तो क्षीण झाल्यास चित्राचे चौकोन पडतात किंवा चित्र गोठते, मुंग्या येत नाहीत. म्हणून आजही मुंग्या दिसत असतील तर छत्रीला दोष देणे व्यर्थ होय. दोष बॉक्सपासून संचापर्यंतच्या केबलमध्ये अथवा संचाच्या ट्यूनरमध्ये असतो. याची सोपी कसोटी म्हणजे बॉक्सचा मेनू. तो बॉक्समध्येच तयार होतो. मेनू स्वच्छ पण कार्यक्रम तुटक असेल तर छत्री तपासावी; मेनूही अंधुक असेल तर केबल किंवा संच.

छत्रीबाबत या भागाची एक विशेष अडचण आहे. डीडी फ्री डिशचा उपग्रह येथून आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर असतो. उन्हाळ्यात निष्पर्ण सागाच्या आड बसवलेली छत्री उत्तम चालते. पावसाळ्यात तोच साग मोठ्या, ओल्या पानांनी संकेत अडवतो. अशा वेळी बॉक्स बदलून काहीच साधत नाही.

चित्र दोन्ही बाजूंनी आक्रसले असेल तर विद्युतदाब पाहावा. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॅट क्षमतेचे असले, तरी लांब वाहिनीच्या शेवटच्या टोकावरील गावात दाब कमी मिळू शकतो. एसएमपीएस पद्धतीचा संच कमी दाब बऱ्याच अंशी सांभाळून घेतो. त्यामुळे अशा संचात दाब पुरेसा असूनही चित्र आक्रसत असेल, तर वाळलेल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा संशय घ्यावा.

खरी गफलत होते ती चित्रनलिकेच्या निदानात. कॅथोडमधून इलेक्ट्रॉनचे उत्सर्जन कमी झाले की चित्र आरंभी फिके, मंद दिसते व दहा-पंधरा मिनिटांनी उजळते. उजळ भाग चंदेरी भासतात, एखादा रंगही उणा पडतो. दमट हवेत नलिकेच्या मागील सॉकेटमध्ये गंज चढून फोकसचा दाब गळू लागला, तरीही चित्र संच तापल्यावर सुधारते. फरक इतकाच की तेथे प्रकाश पुरेसा असतो, पण रेषा पुसट असतात. वेळेने सुधारणारा प्रत्येक दोष नलिकेचाच, असे गृहीत धरणारे कारागीर कमी नाहीत. सॉकेट हा अत्यल्प किमतीचा भाग आहे. पावसाळ्यात वाढणारा व उन्हाळ्यात नाहीसा होणारा अंधुकपणा दिसल्यास प्रथम सॉकेटच बदलून पाहावे.

कोपऱ्यात जांभळट-हिरवट डाग पडणे हा बहुधा चुंबकत्वाचा परिणाम असतो. जवळचा ध्वनिक्षेपक दूर करून संच काही वेळ बंद ठेवावा व पुन्हा सुरू करावा. डाग कायम राहिल्यास विचुंबकन कुंडलाचा पॉझिस्टर तपासावा.

येथवरच्या बाह्य कसोट्या कोणालाही करता येतील. मागील झाकण मात्र जाणकारानेच उघडावे. रंगीत नलिकेस सुमारे २० ते २५ हजार व्होल्ट दाब दिलेला असतो, आणि संच बंद केल्यानंतरही तो काही काळ नलिकेत साठून राहतो.