हरित इमारतीतील थकवा

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘पर्यावरण आणि कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य’ या विषयावर लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा, ही तर कंपन्यांच्या वार्षिक अहवालाची भाषा, डॉक्टरांच्या स्मरणिकेत तिचे काय काम, अशी शंका काही ज्येष्ठ सभासदांनी व्यक्त केली. माझे मत निराळे आहे. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागांतील ज्या मराठी कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्या आपल्यापैकी अनेकांनी तपासल्या, त्यांची मुले-सुना आज माधापूर-गच्चीबोवलीच्या काचेच्या इमारतींत काम करतात. आजोबा निजाम राजवटीतील कचेरीत, वडील बँकेत वा रेल्वेत आणि नातू सल्लागार कंपनीत, ही वाटचाल आपल्या समाजात घरोघरी दिसते. अशाच एका कंपनीच्या आरोग्यकक्षात गेली काही वर्षे मी आठवड्यातून दोन दिवस बसतो. बत्तिसाव्या वर्षी वाढलेला रक्तदाब, यकृतातील मेद, मानेचे दुखणे आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी असलेली ‘झोप लागत नाही’ ही तक्रार, हे तेथील नित्याचे रुग्णचित्र आहे.

लेखापरीक्षण, करसल्ला, कायदेविषयक सल्ला, व्यवस्थापन सल्ला, संगणक प्रणालींची आखणी अशी कामे करणाऱ्या संस्थांना व्यावसायिक सेवा कंपन्या असे म्हणतात. त्यांच्याकडे ना भट्टी असते ना यंत्रसामग्री. त्या विकतात माणसांचे तास. प्रत्येक कर्मचारी दररोज ‘टाइमशीट’ भरतो. त्यातील किती तासांचे बिल ग्राहकाला लावता आले, यावर त्याची बढती आणि कंपनीचा नफा या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात. गिरणीमालकाला कापसाच्या गाठी जशा, तसे या व्यवसायाला माणसाचे जागेपणीचे तास. हे एकदा ध्यानात घेतले, की पर्यावरणाचा प्रश्न आणि स्वास्थ्याचा प्रश्न एकाच अहवालात शेजारी-शेजारी का येतात आणि त्यांपैकी एक सुटतो व दुसरा तसाच का राहतो, याचा उलगडा होऊ लागतो.

प्रथम पर्यावरणाकडे वळू. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हरितगृह वायू प्रोटोकॉलनुसार कंपनीचे उत्सर्जन तीन कक्षांत मोजले जाते: स्वतः जाळलेले इंधन, विकत घेतलेली वीज आणि तिसऱ्या कक्षेत व्यवसायाच्या साखळीतील इतर सर्व काही, ज्यात विमानप्रवास आणि कर्मचाऱ्यांचे घर ते कार्यालय येणे-जाणेही मोडते. सेवा कंपनीत पहिली कक्षा नगण्यच असते; मुख्यतः जनित्राचे डिझेल. खरा भार वातानुकूलनाच्या विजेचा आणि प्रवासाचा.

विजेच्या बाबतीत आपल्या हैदराबादने देशाला वाट दाखविली, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. माधापूरजवळील सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राचे उद्घाटन २००४ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते झाले. हरित इमारतींसाठीचे ‘लीड प्लॅटिनम’ मानांकन अमेरिकेबाहेर सर्वप्रथम मिळविणारी ती इमारत. परंतु डॉक्टरांना अधिक रस वाटावा असा प्रयोग शहराच्या दुसऱ्या टोकाला, पोचारम येथील इन्फोसिसच्या परिसरात झाला. २०११ मध्ये तेथे एक मोठी इमारत दोन समान भागांत बांधण्यात आली. एका भागात नेहमीचे, थंड हवा फिरविणारे वातानुकूलन ठेवले. दुसऱ्या भागात काँक्रीटच्या छतातच नळ्या गाडून त्यांतून थंड पाणी खेळविले आणि हवा मात्र श्वासोच्छ्वासाला लागेल तेवढीच, पण बाहेरची ताजी, कोरडी करून आत सोडली. भिंती, खिडक्या, दिवे, माणसांची संख्या दोन्हीकडे सारखीच.

शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातील उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग प्रारणाने बाहेर पडतो, हे आपण शरीरक्रियाशास्त्राच्या पहिल्या वर्षी शिकलो. छत थंड असेल तर शरीर आपली उष्णता सरळ त्या छताला देऊन टाकते. मानेवर गार झोत सोडण्याचे कारण उरत नाही. जुन्या दगडी वाड्यात वैशाखातही का बरे वाटते, याचे उत्तर यातच आहे. त्या इमारतीत थंड छताच्या भागाला वातानुकूलनासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली आणि तेथे बसणारी माणसे तापमानाविषयी अधिक समाधानी असल्याचेही पाहणीत आढळले. बंद खोलीतील तीच ती हवा पुन्हा पुन्हा फिरविण्याऐवजी बाहेरची हवा आत येते, ही बाब श्वसनविकार तज्ज्ञांना मी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. निसर्गाचे हित आणि माणसाचे हित एकाच खर्चात साधल्याचा इतका स्वच्छ दाखला मला दुसरा ठाऊक नाही.

प्रवासाचेही तसेच. सोमवारी पहाटेचे विमान पकडून ग्राहकाच्या गावी जायचे आणि गुरुवारी रात्री उशिरा परतायचे, हा सल्लागारांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. २०२० मध्ये करोनाने विमाने जमिनीवर आणली आणि पुष्कळसे काम पडद्यावरूनही होते, हे सर्वांना कळून चुकले. उत्सर्जन घटले, पहाटे तीनचा गजर थांबला. मात्र जो वेळ प्रवासात जात असे, त्यात कंपन्यांनी आणखी बैठका भरल्या, हेही तितकेच खरे. आमच्या भागात अमेरिकी ग्राहकांशी बोलणे रात्री साडेआठला सुरू होते ते कधी कधी साडेअकरापर्यंत चालते. मुलाला निजवायची वेळ त्यात जाते आणि निद्राविज्ञानाच्या दृष्टीने त्याहून वाईट म्हणजे, मेंदू निवांत व्हायला हवा त्याच तासांत तो सर्वाधिक उत्तेजित असतो.

आता स्वास्थ्याच्या उपक्रमांविषयी. योगवर्ग, ध्यानधारणेचे मोबाइल ॲप, समुपदेशनाची दूरध्वनी सेवा, पावले मोजण्याच्या स्पर्धा, उपाहारगृहात फळांची टोपली, वार्षिक तपासणी, आणि ‘ताणतणावाचे नियोजन’ या विषयावर डॉक्टरांचे व्याख्यान. हे शेवटचे काम माझ्याकडे असते आणि श्रोते भोजनाच्या सुटीत डबा उघडून, एक डोळा लॅपटॉपवर ठेवून ते ऐकतात. यांतील एकही उपक्रम वाईट नाही. प्रश्न असा की त्यांचा गुण येतो का.

अमेरिकेतील एका मोठ्या गोदाम-विक्री कंपनीच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर झालेला यादृच्छिक प्रयोग २०१९ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोणत्या दुकानांत स्वास्थ्य कार्यक्रम राबवायचा हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरविले होते. दीड वर्षानंतर कार्यक्रम राबविलेल्या दुकानांतील अधिक लोक ‘आम्ही नियमित व्यायाम करतो’ असे सांगू लागले. परंतु रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, वैद्यकीय खर्च, गैरहजेरी यांत नोंद घ्यावी असा फरक आढळला नाही. ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांच्या पाहणीचे विल्यम फ्लेमिंग यांनी केलेले विश्लेषण २०२४ मध्ये आले. त्यातही ॲप, ध्यान, तणाव-प्रशिक्षण असे व्यक्तीला सुधारू पाहणारे उपक्रम घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा बरे असल्याचे दिसले नाही. अपवाद एकच, स्वयंसेवी कामाची संधी. ही पाहणी एका वेळची असल्याने तिला मर्यादा आहेत, हे मान्य. पण माझ्या तपासणी-मेजावरचा अनुभव तिला छेद देत नाही. “काका, ऑफिसात जिम आहे हो, पण जायचं कधी?” असे मला एका ओळखीच्या घरातील मुलाने विचारले होते. त्याच्या त्या आठवड्याच्या टाइमशीटवर ६२ तास होते.

तासांचा विषय निघाला की आकडे स्पष्ट बोलतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०१६ या एका वर्षात दीर्घ कामाच्या तासांमुळे पक्षाघात व हृदयविकाराने जगभरात ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक. त्या मुलाचा रक्तदाब १५०/९६ होता. त्याला मीठ कमी कर म्हणून सांगणे आवश्यकच होते, पण ते पुरेसे होते काय?

तास कमी केले तर व्यवसाय बुडेल, हा व्यवस्थापनाचा ठरलेला आक्षेप. त्याला याच व्यवसायातील एका प्रयोगाने उत्तर दिले आहे. हार्वर्डच्या लेस्ली पर्लो यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीत सल्लागारांना आठवड्यातून ठरलेला मोकळा वेळ सक्तीने घ्यायला लावला. त्याचा वृत्तांत २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला आठवड्यातील एक पूर्ण दिवस, तर दुसऱ्याला एक संध्याकाळ, सहानंतर ईमेलसुद्धा पाहायची नाही. ‘सक्तीने’ हा शब्द महत्त्वाचा, कारण ऐच्छिक सुटी या क्षेत्रात कोणी घेतच नाही. घेणारा मागे पडतो. प्रारंभी सल्लागारांनीच विरोध केला. पण एक जण नसताना त्याचे काम दुसऱ्याला कळलेच पाहिजे, म्हणून गट दर आठवड्याला एकत्र बसून कोणते काम खरोखर गरजेचे आणि कोणते केवळ सवयीचे, यावर बोलू लागला. पुष्कळसे काम सवयीचे निघाले. सकाळी कामाला जायची उत्सुकता वाटते, असे या गटांतील ५१ टक्के लोकांनी सांगितले. इतर गटांत हे प्रमाण २७ टक्के होते. ग्राहक दुरावले नाहीत, आणि पुढील काही वर्षांत ही पद्धत त्या कंपनीच्या शेकडो गटांनी स्वीकारली.

आपल्याकडे हा विषय चव्हाट्यावर आला तो २०२४ मध्ये. पुण्यातील एका नामांकित लेखापरीक्षण कंपनीत चार महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीचा जुलैमध्ये मृत्यू झाला आणि सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. कामाच्या ताणाने मृत्यू ओढवल्याचे कंपनीने नाकारले. मृत्यूच्या वैद्यकीय कारणाविषयी दुरून मत देणे आपल्या पेशाला शोभणारे नाही. परंतु त्यानंतर झालेल्या सरकारी तपासणीत त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे निदर्शनास आले. दिवसाला नऊ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा त्या वेळी त्याच कायद्यात होती. तेलंगण सरकारने जुलै २०२५ मध्ये व्यापारी आस्थापनांना दिवसाला दहा तासांची मुभा देताना आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवली, हे आपल्या भागातील तरुणांना सांगून ठेवावे.

सेबीने २०२१ मध्ये आणलेला शाश्वतता अहवाल २०२२-२३ पासून पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना बंधनकारक झाला. त्यातील नऊ तत्त्वांपैकी तिसरे कर्मचाऱ्यांच्या कल्याणाचे, सहावे पर्यावरणाचे. विमा किती जणांचा, पाळणाघर कोणाला, प्रशिक्षण कितीचे, हे सारे त्यात विचारले जाते. अपघातांचे प्रमाण दर दहा लाख मनुष्य-तासांमागे द्यावे लागते; म्हणजे तास तेथे केवळ छेद म्हणून येतात. शिवाय मोठ्या लेखापरीक्षण संस्था बहुधा भागीदारीत चालतात, शेअर बाजारात नसतात. त्यांना हे बंधन लागूच नाही.

आपण डॉक्टरांनीही फार उंच आसनावरून बोलू नये. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ४८ तासांची अपेक्षा होती. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाला ‘७४ तासांहून अधिक नको’ अशी शिफारस करावी लागली, यावरून वस्तुस्थिती काय असेल ते समजावे.

तथापि आपल्या हाती काही आहेच. तरुण रुग्णाचा रक्तदाब, आम्लपित्त वा अनिद्रा पाहताना तंबाखू-मद्याइतक्याच सहजतेने आठवड्याचे तास, शेवटचा कॉल किती वाजता संपतो आणि सलग सुटीचा दिवस शेवटचा केव्हा मिळाला, हे विचारून केसपेपरवर लिहावे. कंपनीच्या आरोग्यकक्षात काम करणाऱ्यांनी ही माहिती नावानिशी मनुष्यबळ विभागाला कदापि देऊ नये, मागणी झाली तरी. मात्र विभागवार बेरीज देण्यास हरकत नाही, विभाग इतका लहान नसेल की बेरजेवरूनच माणूस ओळखू यावा. मी दर तिमाहीला असा एक तक्ता व्यवस्थापनाला देतो: कोणत्या विभागात किती जणांचा रक्तदाब वाढलेला, किती जणांचे कॉल रात्री दहानंतर. दोन वर्षे त्यावर केवळ आभाराचे पत्र येत असे. गेल्या वर्षी एका विभागप्रमुख बाईंनी तो तक्ता घेऊन ग्राहकाशी बोलणी केली आणि बुधवारची बैठक त्यांच्या पहाटे, म्हणजे आपल्या दुपारी चारला आणली. आता बुधवारी संध्याकाळी सातनंतर त्या मजल्यावरचे वातानुकूलन बंद केले जाते.