गुलाबी बोंडअळीचा पतंग : रूप, जीवनक्रम व अधिवास

कपाशीवरील ज्या किडीस आपला शेतकरी गुलाबी बोंडअळी म्हणून ओळखतो, ती पेक्टिनोफोरा गॉसिपिएल्ला या लहानशा पतंगाची बाल्यावस्था होय. भडोच येथील नमुन्यांवरून साँडर्स यांनी १८४३ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. इतक्या दीर्घ परिचयानंतरही ही कीड आपणांस का आवरत नाही, या प्रश्नाचे उत्तर तिच्या जीवनक्रमातच शोधावयास हवे.

हा पतंग गेलेकिइडी कुलातील असून पंख पसरले असता त्याची रुंदी सुमारे १५ ते २० मिलिमीटर भरते. पुढील पंख निमुळते, करड्या-तपकिरी रंगाचे व काळसर पट्ट्यांचे असतात. मागील पंख अधिक रुंद, रुपेरी करडे असून त्यांच्या कडांना लांब केसांची झालर असते. पतंग निशाचर असल्याने दिवसा तो पालापाचोळ्यात किंवा मातीच्या भेगांत दडून राहतो. मादी ज्या गंधद्रव्याने नरास आकर्षून घेते, त्याची रासायनिक ओळख १९७३ मध्ये पटली. आजचे कामगंध सापळे त्यावरच आधारलेले आहेत.

मादी पात्या, फुले व कोवळी बोंडे यांवर एकेक किंवा लहान पुंजक्यांनी अंडी घालते. अंडे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब, चपटे व मोत्यासारखे पांढरे असते. फुटण्यापूर्वी त्यावर तांबूस छटा येते. चार-पाच दिवसांत बाहेर पडलेली अळी लवकरच फुलात अथवा बोंडात शिरते. फुलात शिरलेली अळी पाकळ्या रेशमी धाग्यांनी बांधून टाकते. अशा न उमललेल्या फुलास शेतकरी ‘डोमकळी’ म्हणतात. बोंडात शिरलेली अळी सरकी खाते. तिचे प्रवेशछिद्र पुढे बुजून जाते, त्यामुळे वरून निरोगी दिसणारे बोंड आतून पोखरलेले असू शकते. चार अवस्थांतून वाढताना प्रारंभी पांढुरकी असलेली अळी शेवटी गुलाबी पट्ट्यांची व १० ते १२ मिलिमीटर लांबीची होते. नंतर ती बहुधा जमिनीवरील पाचोळ्यात कोशात जाते.

तथापि सर्वच अळ्या लगेच कोशात जात नाहीत. हंगामाच्या अखेरीस दिवस लहान होतात, हवा गार होते आणि सरकी पक्व होते. त्या वेळी अनेक अळ्या सुप्तावस्था पत्करतात. पुष्कळदा अशी अळी दोन सरक्या धाग्यांनी जोडून त्यांच्या पोकळीत पडून राहते. सरकी, पऱ्हाटीवरील वाळकी बोंडे आणि जिनिंग कारखान्यांतील कचरा हे तिचे उन्हाळ्यातील निवासस्थान होय. सरकीतूनच ही कीड १९०६-०७ च्या सुमारास भारतातून ईजिप्तमध्ये आणि तेथून १९११ मध्ये मेक्सिकोत गेली असे मानले जाते.

बीटी कपाशीस भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली. दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. परंतु ही अळी मुख्यत्वे कपाशीवरच जगत असल्याने तिच्या पिढ्यान्पिढ्या त्याच विषाला सामोऱ्या गेल्या, आणि आश्रयासाठी लावावयाच्या बिगर-बीटी ओळींची सर्वत्र उपेक्षा झाली. प्रथम गुजरातेत एका जनुकाच्या वाणाविरुद्ध प्रतिकारशक्ती आढळली. पुढे दोन जनुकांचे वाणही निष्प्रभ ठरू लागले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांची मोठी हानी झाली. याउलट अमेरिकेत बीटी वाण, वंध्य पतंगांची सोडणी आणि पिकाचा कालबद्ध नाश यांच्या संयुक्त योजनेमुळे २०१८ मध्ये या किडीचे निर्मूलन जाहीर झाले.

यावरून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारणी पोहोचत नाही; तिचे मर्मस्थान दोन हंगामांमधील खंड हे आहे. फरदड न घेता पीक डिसेंबरअखेर संपविले, पऱ्हाट्या नष्ट केल्या आणि मोसमी पावसापूर्वीची पेरणी टाळली, तर सुप्तावस्थेतून जागे होणाऱ्या पतंगांना पात्या सापडत नाहीत व त्यांची संतती उपजताच खुंटते. मात्र एकट्या शेताने हे पाळून भागत नाही, कारण पतंग शेजारच्या शिवारातून येतो. ही शिस्त संपूर्ण गावाची असावी लागते.