पोकरचा जमाखर्च

पत्त्यांचा डाव गणपतीच्या जागरणासाठीं मांडला म्हणजे ती करमणूक होते, आणि त्याच पत्त्यांवर पैसा लागला म्हणजे तो जुगार होतो. हा भेद आपल्याकडे फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत द्यूतकाराच्या पश्चात्तापाचें एक सबंध सूक्त आहे. फाशांची ओढ आणि तीमुळें होणारी घराची धूळधाण या दोन्ही गोष्टी त्या काळींहि परिचित होत्या, असें त्यावरून दिसतें. गेल्या दहाएक वर्षांत मात्र या जुन्या व्यसनाला नवा पेहराव मिळाला. पोकर हा नशिबाचा खेळ नसून कौशल्याचा आहे, तो शिकावा आणि कमवावें, असें मोबाइलच्या पडद्यावरून घरोघर सांगण्यांत येऊं लागलें. त्या सांगण्यांत सत्य किती, आणि त्या सत्याची रुपया-आण्यांत किंमत किती, हें पाहण्याजोगें आहे.

वडाळा आणि शीव यांच्या मध्यें वसलेल्या अँटॉप हिलचें उदाहरण घ्यावें. तेथें केंद्र सरकारच्या नोकरांची मोठी वसाहत आहे. ठराविक तारखेस येणारा पगार, ठरलेले खर्च आणि महिनाअखेर उरणारी लहानशी शिल्लक, असा अशा वसाहतींतील कुटुंबांचा जमाखर्च असतो. ऑगस्ट २०२५ पूर्वीं तेथील एखादा नवशिका तरुण त्या शिलकेंतून दोनशें रुपये घेऊन लहानशा ऑनलाइन टेबलावर बसला, अशी कल्पना करावी. त्याच्या आजोबांच्या पिढीनें गिरणगांवांत मटका पाहिला होता. १९६० नंतरच्या दशकांत फोफावलेल्या त्या खेळांत शून्य ते नऊ यांपैकीं एक आंकडा लावावयाचा, आणि तो आल्यास रुपयाला नऊ रुपये घ्यावयाचे. दहाहि आंकड्यांवर एकेक रुपया लावला, तरी हातीं नऊच परत येत. दहावा रुपया अड्डेवाल्याचा. कितीहि बुद्धि चालविली तरी हा हिशेब बदलत नसे. पोकर या बाबतींत निराळा आहे. त्यांत खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. त्यामुळें कमी चुका करणाराला अधिक चुका करणाराकडून कांहीं मिळण्याचा संभव खराच असतो.

खेळ थोडक्यांत असा. ‘टेक्सास होल्डेम’ या प्रचलित प्रकारांत प्रत्येकास दोन पत्ते झांकून मिळतात. मग मध्यभागीं प्रथम तीन, नंतर एक व शेवटीं आणखी एक, असे पांच पत्ते सर्वांसाठीं उघडे मांडतात. या सातांतून ज्याचे पांच पत्ते सर्वांत वरचढ, त्याची मधली रास. प्रत्येक टप्प्यावर बोली लावावी, दुसऱ्यानें लावलेली भरावी, किंवा पत्ते टाकून डाव सोडावा. पत्ते पाहण्यापूर्वींच दोघांना पाळीपाळीनें सक्तीची रक्कम भरावी लागते. तिला ‘ब्लाइंड’ म्हणतात. एक व दोन रुपयांचे ब्लाइंड असलेल्या टेबलावर दोनशें रुपये घेऊन बसण्याचा प्रघात होता.

नवशिक्याचा पहिला धडा पत्ते टाकण्याचा. बावन्न पत्त्यांतून दोन-दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांत दोन एक्क्यांच्या अवघ्या सहा, म्हणजे २२१ डावांत सरासरीनें एकदां. कंटाळून कोणतेहि दोन पत्ते घेऊन पुढें जाणाराची शिल्लक थेंबाथेंबानें गळते. सहा जणांच्या टेबलावर पांचांतून सुमारें एक डाव खेळावा, हें प्रमाण नवशिक्यास पुरेसें आहे. तो डाव मात्र भीत भीत खेळूं नये. दोन एक्के एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध शंभरांतून सुमारें पंचाऐंशी वेळां जिंकतात. पांच जणांना स्वस्तांत आंत येऊं दिलें, तर तेच एक्के निम्म्याहून किंचित् कमी वेळां जिंकतात. म्हणून चांगल्या पत्त्यांवर आरंभींच बोली वाढवून गर्दी कमी करावी. शिवाय ज्याची पाळी शेवटीं येते त्याला इतरांचें वर्तन आधीं दिसतें. तेव्हां शेवटच्या जागेवरून अधिक डाव खेळावे आणि पहिल्या जागेवरून थोडे.

दुसरा धडा किंमत ओळखण्याचा. समजा, खेळाडूच्या हातांत दोन बदाम आहेत, आणि मधल्या चार उघड्या पत्त्यांतहि दोन बदाम आहेत. शेवटचा पत्ता बदामाचा आला तर डाव त्याचा. न दिसलेले पत्ते ४६, त्यांत बदाम ९. म्हणजे पांचांतून जेमतेम एकदां. मध्यें साठ रुपये असतां प्रतिस्पर्ध्यानें तीस लावले, तर नव्वद मिळविण्यासाठीं तीस भरावे लागतात. असें ४६ वेळां केल्यास नऊ वेळां मिळून ८१० रुपये येतात आणि ३७ वेळां मिळून १,११० जातात. तोटा ३०० रुपये. तेंच मध्यें ऐंशी असून प्रतिस्पर्ध्यानें दहाच लावले, तर येणारे ८१० आणि जाणारे ३७०, नफा ४४०. पत्ते तेच आणि आशाहि तीच, परंतु पहिली खरेदी महाग व दुसरी स्वस्त. दादरच्या बाजारांत भाजीचा भाव करणारी गृहिणी रोज करते तेंच हें काम आहे.

तिसरा धडा माणसें ओळखण्याचा. लहान टेबलावरील बहुतेक लोक केवळ कुतूहलापोटीं शेवटपर्यंत पैसे भरीत राहतात. अशांना खोट्या बोलीनें घाबरविणें व्यर्थ होय; वरचढ पत्ते येतील तेव्हां सरळ मोठी बोली लावावी. हेच लोक एकाएकीं बोली वाढवितात तेव्हां बहुधा त्यांच्याजवळ पत्ते असतात. त्या वेळीं अभिमान गिळून पत्ते टाकावे. आणि गेलेले पैसे त्याच रात्रीं परत मिळविण्याचा हट्ट धरूं नये.

येथवरचें सर्व खरें आहे, आणि शाळेंत त्रैराशिक शिकलेल्यास समजेल इतकें सोपें आहे. अडचण पुढें येते. ज्या कंपनीचें टेबल, ती राशींतून आपला वाटा कापून घेई. पांच टक्के हा सामान्य दर. समजा, सहा जण दोनशें-दोनशें रुपये घेऊन बसले. टेबलावर एकंदर बाराशें. तासाला साठ डाव आणि डावागणिक सरासरी पंधरा रुपयांची रास धरली, तर कंपनीचा वाटा तासाला पंचेचाळीस रुपये होतो. कोणी नवे पैसे आणले नाहींत, तर सत्तावीस तासांच्या आंत ते बाराशें रुपये कंपनीच्या पेटींत जमा होतील. मटक्यांतला दहावा रुपया येथें डोळ्यांना दिसत नसे, इतकाच फरक.

या गळतींतूनहि जो शंभर डावांमागें पांच मोठे ब्लाइंड, म्हणजे दहा रुपये, निव्वळ मिळवी, तो चांगला खेळाडू समजला जाई. तासाला साठ डाव धरले तर ही कमाई तासाला सहा रुपये होते. ते सहा रुपये मिळविण्यासाठीं, कंपनीला द्यावयाचे साडेसात जमेस धरतां, इतर पांचांच्या खिशांतून साडेतेरा रुपये काढावे लागतात. आणि ते पांच जणहि अशाच एखाद्या वसाहतींतले पगारदार असावयाचे. बरें, हे सहा रुपये नियमानें मिळत असेंहि नाहीं. चढउताराचें नेहमीचें प्रमाण धरून हिशेब केला, तर दहा हजार डाव, म्हणजे दीडशेंहून अधिक तास खेळल्यावरहि अशा दहा चांगल्या खेळाडूंपैकीं सुमारें तिघे तोट्यांतच राहतात. म्हणूनच जाणते लोक दोनशेंच्या टेबलासाठीं घरखर्चाबाहेरचे चार ते सहा हजार रुपये वेगळे ठेवण्यास सांगत. नवशिक्याचा खरा धोका येथें आहे. वाईट खेळ कोणता आणि वाईट नशीब कोणतें, हें महिनोन्महिने ओळखूं येत नाहीं. आणि तो शिकतो आहे कीं बुडतो आहे, हें कळण्यापूर्वींच शिल्लक संपते.

कायद्यानेंहि या प्रश्नाशीं बराच काळ झगडा केला. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगार-प्रतिबंधक कायद्यानें निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. सर्वोच्च न्यायालयानें १९६८ मध्यें रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. पोकरविषयीं मात्र एकमत झालें नाहीं. गुजरात उच्च न्यायालयानें २०१७ मध्यें त्यास जुगार मानलें. कर्नाटक उच्च न्यायालयानें २०२२ मध्यें ऑनलाइन पैशांच्या खेळांवरील त्या राज्याची बंदी रद्द केली. पुढें १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर कापला जाऊं लागला, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळासाठीं भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तु व सेवा कर लागला. सहा रुपयांतले चार रुपये वीस पैसेच मग उरत. शेवटीं २२ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळालेल्या केंद्रीय कायद्यानें कौशल्य कीं नशीब हा वादच बाजूस सारला आणि पैसे लावून ऑनलाइन खेळविणें निषिद्ध ठरविलें. खेळविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यांत आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाहीं. ‘पोकरबाझी’, ‘अड्डा५२’ इत्यादि कंपन्यांनीं त्याच महिन्यांत पैशांचे डाव थांबविले. परदेशांतून चोरवाटेनें येणाऱ्या निमंत्रणांना भुलणें त्याहून धोक्याचें. तेथें पैसा अडकला, तर दाद मागावयास जागा नाहीं.

मग ही विद्या टाकून द्यावी काय? तसें करण्याचें कारण नाहीं. चार मित्रांनीं चिंचोके किंवा कवड्या वांटून घेऊन पोकर मांडावा. प्रत्येक डावानंतर वहींत लिहावें : मध्यें किती होतें, किती भरलें, जिंकण्याचा संभव किती होता. डाव गेला तरी भरणा योग्य असूं शकतो आणि डाव आला तरी तो चुकीचा असूं शकतो, हें त्या वहीवरून हळूहळू कळूं लागतें. ज्याला तें कळलें तो लॉटरीचें तिकीट, झटपट दुपटीची योजना किंवा शेजाऱ्यानें सांगितलेला शेअर हातीं घेण्यापूर्वींहि भाव विचारील. तासाला सहा रुपयांसाठीं महिन्याचा पगार पणाला लावणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार होय. तोच हिशेब चिंचोक्यांवर शिकला, तर घराची शिल्लक जागच्या जागीं राहते.