अठरा पूर्ण झाल्यावर राहायचे कुठे?

अनुरक्षण : बालगृह सोडणाऱ्या युवकांना दिला जाणारा आधार. बाल न्याय अधिनियम, 2015, कलम 46. वयोमर्यादा 18 ते 21. अपवादात्मक परिस्थितीत 23.

काय मिळते : निवास, शिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण, समुपदेशन. ‘मिशन वात्सल्य’ या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत दरमहा 4,000 रुपयांची तरतूद.

गल्लत नको : बालगृह 18 पर्यंतच, त्यानंतर अनुरक्षणगृह. अनुरक्षण म्हणजे प्रतिपालकत्व नव्हे, आणि प्रतिपालकत्व म्हणजे दत्तकविधान नव्हे. प्रतिपालकत्वात मूल दुसऱ्या कुटुंबात राहते, पण वारसाहक्क मिळत नाही.

कागदपत्रे : खरी अडचण इथे. खोली भाड्याने घेताना घरमालक कायमचा पत्ता विचारतो, आणि नेमका तोच रकाना या मुलांचा कोरा असतो. म्हणून संस्था सोडण्यापूर्वीच आधार, बँक खाते आणि अनाथ प्रमाणपत्र हाती हवे. शिक्षण व शासकीय नोकरीतील अनाथ आरक्षणासाठी (राज्यात 2018 पासून) हेच प्रमाणपत्र लागते.

वाशीममध्ये : 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा जिल्हा. रिसोड असो वा मानोरा, चौकशी वाशीमच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात किंवा बाल कल्याण समितीकडे करावी. अठराच्या आतील मुलांसाठी हेल्पलाइन : 1098. अर्जासाठी अठरावा वाढदिवस उजाडण्याची वाट पाहू नका.