घोडी दमून आल्यावर

आमचे गाव माथेरानच्या पायथ्याशी आहे. माथेरानला मोटारी दस्तुरीपर्यंतच जातात. पुढे पुष्कळ पाहुणे घोड्यावर बसून हिंडतात. माझे बाबा आमची राणी घोडी घेऊन रोज वर जातात. संध्याकाळी ती परत येते तेव्हा अंगभर घाम आणि लाल माती असते. मग तिची देखभाल माझ्याकडे.

गेल्या उन्हाळ्यात माझी चूक झाली. राणी धापा टाकीत आली. मला दया आली, म्हणून लगेच चंदीची पाटी पुढे केली. चंदी म्हणजे भिजवलेले हरभरे. तिने ते भराभर खाल्ले. रात्री ती पायाने जमीन उकरू लागली, वळून पोटाकडे बघू लागली, लोळू लागली. बाबांनी गुरांच्या डॉक्टरांना आणले. ते म्हणाले, "हा पोटशूळ आहे. घोड्याला ओकारी होत नाही. म्हणून त्याच्या खाण्याला जपावे लागते." पहाटे राणीने लीद टाकली तेव्हा कुठे आईने चूल पेटवली. मी फार रडले होते.

आता मी असे करते. आल्याबरोबर राणीला बांधत नाही. तंग थोडा सैल करून तिला १० ते १५ मिनिटे हळूहळू फिरवते. मग खोगीर उतरवते. कुशीची हालचाल बघून श्वास मोजते. स्वस्थ घोडा मिनिटाला ८ ते १६ श्वास घेतो. ऊन असेल तर मान, छाती व पाय यांवर गार पाणी ओतते. थंडीत कोरड्या गोणपाटाने अंग पुसते.

आजोबा म्हणायचे, "तापलेल्या घोड्याला पाणी दाखवू नये." डॉक्टरांनी सांगितले, की घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात, म्हणून पाणी तोडू नये. थोडे पाजावे, फिरवावे, पुन्हा पाजावे. आजोबांना ते पटेना. आता मात्र तेच बादली भरून ठेवतात! पाण्यानंतर गवत, आणि चंदी तासाभराने.

शेवटी खुरात खडा अडकला आहे का ते बघते. पाठीवरून हात फिरवते. पाठ सोलली असेल तर दुसऱ्या दिवशी राणीला सुट्टी. त्या दिवशी घरात कमाई नसते. पण बाबा म्हणतात, "तिची पाठ म्हणजे आपली भाकरी."

मित्रांनो, घोड्याच्या मागून कधी जाऊ नका. तो दचकला तर लाथ मारतो. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जा. दोर हाताला गुंडाळू नका. खूर साफ करताना खाली बसू नका, उभे राहून वाका. आणि मोठे माणूस जवळ असू द्या.

पालकहो, आपल्या घरी घोडा नसेल, पण बैल असेलच. तोही दमून येतो. त्याच्याही खांद्यावरून एकदा हात फिरवून बघा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी