थोड्या पैशांचे अद्भुत चित्रपट व ते दाखविण्याची रीत

गेल्या पावसाळ्यांत एका शनिवारीं आमच्या शाळेच्या सभागृहांत नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांस आम्हीं एक चित्रपट दाखविला. पडद्यावर निळा पोशाख व वरून लाल चड्डी घातलेला, काडीसारखा कृश असा एक 'सुपरमॅन' अवतरला. चड्डीची नाडी पुढें लोंबत होती. सारें सभागृह खदखदून हंसलें. आणि खरें सांगावयाचें तर सर्वांच्या आधीं मीच हंसलों. शेवटच्या बाकावरील एक मुलगा मात्र हंसला नाहीं. त्याच्या त्या न हंसण्यामुळेंच हा लेख लिहावा लागत आहे.

ज्या चित्रपटांत उडणारा मनुष्य, चंद्रावरची स्वारी, पिशाच किंवा परग्रहावरील प्राणी यांची योजना असते, परंतु ती साधण्यास लागणारा पैसा मुळींच नसतो, अशा चित्रपटांचा एक स्वतंत्र वर्गच मानला जातो. ते हुडकून काढून मंडळी जमवावी व दाखवावे, अशी हौस असणारे लोक जगांत पुष्कळ आहेत. अमेरिकेंतील एड वुड या गृहस्थाचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध मासला. त्याच्या स्मशानांतील थडगीं धक्का लागतांच डुलतात, आणि लोक मुद्दाम रात्रीं एकत्र बसून त्या डुलण्याला हंसतात. आपल्याकडे रामसे बंधूंनीं १९७२ सालीं 'दो गज जमीन के नीचे' हा भयपट महाबळेश्वरीं, बव्हंशीं घरच्याच माणसांच्या बळावर, थोडक्या खर्चांत उरकला. पण त्यांच्या बहुतेक चित्रपटांस केवळ प्रौढांसाठींचें प्रमाणपत्र असल्यामुळें ते आमच्या विचारांतून आधींच गळाले. भुतांना सभागृहांत घेण्यास आमची हरकत नव्हती, प्रमाणपत्राची होती.

आम्हीं निवडलें तें मालेगांव. आपल्या छत्रपती संभाजीनगरापासून हें शहर सव्वाशे किलोमीटरांच्या आंत-बाहेर, मोसम व गिरणा या नद्यांच्या कांठीं वसलेलें आहे. आपल्या नगरांत हिमरू विणला जातो तो हातांनीं. तेथें कापड विणतात तें यंत्रमागांवर, व त्या मागांचा खडखडाट फक्त शुक्रवारीं थांबतो. सुट्टीच्या त्या एका दिवशीं कामगारांची पावलें चित्रपटाकडे वळतात. अशा या गांवांत नासीर शेख यांचें लहानसें व्हिडिओगृह होतें. तेथें ते इतरांचे चित्रपट दाखवीत. दाखवितां दाखवितां त्यांची उकल करावयास शिकले, आणि २००० सालीं 'मालेगांव के शोले' हा स्वतःचा चित्रपट घेऊन उभे राहिले. त्यास सुमारें पन्नास हजार रुपये लागले असें सांगतात. मुंबईच्या एखाद्या चित्रपटांत तेवढ्यांत एका गाण्याचे कपडेही होणार नाहींत.

पुढें त्यांनीं 'मालेगांव का सुपरमॅन' हातीं घेतला. सुपरमॅन झाले शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारे. खलपुरुष असा कल्पिला कीं त्याला घाण अत्यंत प्रिय! त्या गांवच्या गटारांची ज्यास माहिती आहे त्यास यांतील मर्म सांगावयास नको. या खटाटोपावर फैझा अहमद खान यांनीं २००८ सालीं 'सुपरमेन ऑफ मालेगांव' हा सुमारें तासाभराचा माहितीपट केला. तोच आम्हीं मुलांस दाखविला. पुढें रीमा कागती यांनीं याच मंडळींवर केलेला मोठा चित्रपट २०२५ सालीं आपल्याकडे प्रदर्शित झाला, व त्यामुळें मालेगांवाचें नांव मुलांच्या तोंडीं आधींच होतें.

आतां ही मंडळी मनुष्याला उडवितात कसे, तें पाहूं. मोठ्या यारीच्या जागीं त्यांनीं बैलगाडी वापरली. गाडीचें एक टोंक खालीं दाबलें कीं दुसरें कॅमेऱ्यासह वर जातें. सरकत्या गाड्याच्या जागीं सायकल आली. उड्डाणासाठीं मात्र हिरवा पडदा लागतो. हिरव्या पडद्यासमोर मनुष्याला आडवा धरून त्याचें चित्र घ्यावयाचें. मग संगणकाला सांगावयाचें, जेथें जेथें हिरवा रंग असेल तेथें भोंक पाड. त्या भोंकांतून मागें ठेवलेलें आकाश दिसूं लागतें व मनुष्य त्यांत तरंगतो. हिरवाच रंग कां? एक तर मनुष्याच्या कातडीच्या रंगाहून तो पुष्कळ निराळा असतो. दुसरें असें कीं, याच कामासाठीं निळा पडदाही चालतो, परंतु सुपरमॅनचा पोशाखच निळा. निळ्या पडद्यासमोर त्याचें धड नाहींसें होऊन नुसतें मुंडकें व लाल चड्डी उडत गेली असती. एकदां तर चित्रण चालू असतां कॅमेराच पाण्यांत पडला, व सगळ्यांचे प्राण कंठाशीं आले. ज्यांच्याजवळ दुसरा कॅमेरा नसतो त्यांच्यासाठीं तो केवळ अपघात नव्हे.

वाचकांस कदाचित् वाटेल कीं हा एक गांवठी चाळा आहे. तर त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं मालेगांव हा नाशिक जिल्ह्यांतील, आणि दादासाहेब फाळके यांचें जन्मस्थान त्र्यंबकेश्वर हेंही त्याच जिल्ह्यांतील. फाळक्यांनीं १९१२ सालीं कुंडींत एक वाटाणा पेरून, त्याच्या वाढीचीं चित्रें दिवसेंदिवस टिपून, ती वाढ क्षणांत घडल्याचें पडद्यावर दाखविलें. आणि तें दाखवूनच 'राजा हरिश्चंद्र' करण्यासाठीं भांडवल मिळविलें. कुंडी व बैलगाडी यांच्या मध्यें नव्वदांहून अधिक वर्षें गेलीं खरीं, परंतु बुद्धि एकाच जातीची आहे.

हें सारें मला त्या शनिवारच्या आधीं ठाऊक होतें. माझी चूक अशी झाली कीं मीं तें मुलांस सांगितलें नाहीं. दिवे मालवले आणि यंत्र सुरू केलें. सोमवारीं तो न हंसलेला मुलगा मधल्या सुट्टींत मजकडे आला. त्याचे मामा मालेगांवीं यंत्रमागावर आहेत, हें मला तेव्हां कळलें. मीं त्याची समजूत घालावयास लागलों, तों तोच म्हणाला, "सर, तो सिनेमा हंसण्यासाठींच आहे. माझे मामाही हंसतात. पण ते विनोदाला हंसतात. इथें सगळे त्याच्या बरगड्यांना हंसले."

यावर मजपाशीं उत्तर नव्हतें.

तोच माहितीपट आम्हीं पंधरा दिवसांनीं पुन्हां दाखविला, पण आधीं मुलांकडून एक उड्डाण करविलें. वसतिगृहांतील हिरवी चादर भिंतीला ताणली, दोन बाकांवर एका मुलाला पालथा निजविला, बाकांवरही हिरवेंच कापड टाकलें. पहिल्या खेपेस चादरीला सुरकुत्या राहिल्या, तेथें आकाशाच्या ठिकऱ्या उडाल्या. दुसऱ्या खेपेस मुलानें हिरवा स्वेटर घातलेला कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं, व तो हातांवांचून उडाला. तीन तासांच्या खटपटीनंतर चार सेकंदांचें उड्डाण पदरीं पडलें. त्यानंतर जेव्हां शफीक पडद्यावर आडवे तरंगूं लागले तेव्हां मुलें हंसलीं नाहींत. पुढें सरसावून त्यांच्या पोटाखालचा आधार शोधूं लागलीं. खलपुरुषाच्या भाषणाला मात्र सडकून हंसलीं. माहितीपट पुरा झाल्यानंतर थोड्याच वर्षांत शफीक मुखाच्या कर्करोगानें वारले, हें मीं दिवे लावल्यावर सांगितलें. आधीं सांगून हंसणें अडविणें मला बरें वाटलें नाहीं.

असे खेळ करूं इच्छिणाऱ्यांसाठीं दोन-चार गोष्टी. स्वामित्वहक्काच्या १९५७ च्या कायद्यानें, प्रेक्षक शाळेचे शिक्षक, विद्यार्थी, पालक व शाळेशीं संबंधित एवढेच असतील तर शाळेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवितां येतो. तिकीट लावून गांवाला बोलावणें ही निराळी गोष्ट. तरीही कर्त्याला दोन ओळींचें पत्र लिहावें. लहान कॅमेऱ्यानें घेतलेलें चित्र भिंतभर करूं नये, फुटतें. प्रक्षेपक पुढें आणून सहा-सात फुटांचेंच चित्र ठेवावें. आवाजाकडे चित्राहून अधिक लक्ष द्यावें, कारण अशा चित्रपटांत विनोद बहुधा बोलींत असतो. प्रास्ताविक दहा मिनिटांपेक्षां लांबवूं नये. हा नियम माझ्याच विद्यार्थ्यांनीं मला घालून दिला आहे.

आणि तबकडी मिळाली कीं तिची नक्कल ताबडतोब करावी. हे चित्रपट कोणत्याही संग्रहालयाच्या थंड खोलींत जपलेले असतीलच असें नाहीं. ते कोणाच्या तरी फडताळांत, लग्नाच्या चित्रफितींखालीं पडलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीहून परत येतांना त्या मुलानें मामांकडून एका जुन्या मालेगांवी चित्रपटाची तबकडी आणली. तिच्यावर ओरखडे होते, व कडेला बुरशीसारखे डाग चढले होते. आम्हीं ती तीन यंत्रांत घालून पाहिली. तिसऱ्यांत दोन प्रसंग उघडले, मिळून अकरा मिनिटांचे. पुढच्या शनिवारीं तेवढेच आम्हीं दाखविले, आणि यंत्रापाशीं तो मुलगा बसला होता.